भाडं सोडून काय काय

बुर्ज हम्मूद, ५ ऑक्टोबर

बाबा,

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हा कागद. अबू-नसीब म्हणाला, "व्हॅनमधून कोंबड्या नेतो, नवरीचे कपडे नेतो, तुझं पत्र काय जड होतंय मला?" कॉफीच्या पुड्याबरोबर तो हे तुमच्या हातात देईल. कॉफी ठेवून घेऊन पत्र फाडू नका. निदान कॉफी पिता पिता वाचा.

मला घर मिळालं. चौथा मजला, दोन खोल्या आणि एक बाल्कनी. बाल्कनीत एक खुर्ची मावते आणि खुर्चीत मी मावते, आणखी काय हवं? खाली मसाला चोळलेलं सुकं मांस विकणारं दुकान आहे, त्यामुळे सकाळपासून मेथीचा आणि लसणाचा वास वर येतो. आमची प्रयोगशाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे आम्ही तिघंजण दिवसभर कवळ्या घडवतो. बैरूतच्या लोकांकडे ब्रेडला पैसे नसले तरी दात मात्र लागतात, त्यामुळे काम भरपूर आहे.

भाडं दोनशे डॉलर, पगार साडेचारशे. उरलेले अडीचशे माझे. निघाले त्या दिवशी तुम्ही अंगणात, आत्याच्या आणि शेजाऱ्यांच्या देखत म्हणालात, "तीन महिने. तीन महिन्यांत शहर हिला चावून थुंकून देईल." बाबा, शहरातल्या चावणाऱ्यांचे दात मीच बनवते. बघू कोण कुणाला चावतं ते.

मालकीण पहिल्या मजल्यावर राहते. मादाम सिरानुश, अर्मेनियन, सत्तरीची. तिचं आपल्या अरबीतलं बोलणं म्हणजे डाळीतले खडे. बाईला पुरुष करते आणि पुरुषाला बाई. मला पाहून पहिला प्रश्न, "तुझी नवरा कुठे?"

"नाही."

"मग बाप? बाप आली पाहिजे. जामीन म्हणून सही करायला."

"तो नाही येणार."

"मेली?"

"नाही हो. रागावलाय."

ती इतकी हसली की तिला खोकला आला. मग डोळे पुसत म्हणाली, "मेलेल्या बापाचं डिपॉझिट एक महिना. रागावलेल्या बापाचं दोन."

तेव्हा पहिल्या महिन्याचं भाडं, तुमच्या सहीऐवजी दोन महिन्यांचं डिपॉझिट, आणि दलालाला एक महिना. त्या दलालाने फक्त जिन्यावर पुढे पुढे चालून दाखवलं. सगळं रोख मोजून दिलं. कुठून आणले ते विचारू नका. होते माझ्याकडे.

किल्ली माझ्या गळ्यात आहे. तुमच्या घराची किल्ली मी ओट्यावर ठेवून आले होते, ती मिळाली असेलच.

हियाम

बुर्ज हम्मूद, ३० ऑक्टोबर

बाबा,

अबू-नसीबने तुमचा निरोप तुमच्याच आवाजात दिला. कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "तिला विचार, दोनशेच पडतात ना अजून?" हा माणूस व्हॅन चालवण्यात वाया गेला.

नाही पडत दोनशेच. घ्या, ऐका आणि खूश व्हा.

सरकारी वीज दिवसातून दोन तास येते, तेही तिच्या मर्जीने. बाकीचा वेळ गल्लीतल्या जनरेटरवर. पाच अँपिअरची तार घेतली. पाच अँपिअर म्हणजे फ्रिज चालू असेल तर इस्त्री नाही, आणि इस्त्री चालू असेल तर पाणी गरम नाही. त्याचे पंचाहत्तर. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, म्हणून टँकर, त्याचा माझा वाटा पंचवीस. जिना झाडणाऱ्याचे आणि जिन्यातल्या दिव्यांचे पंधरा. आणि लिफ्टचे वीस.

एकशे पस्तीस. घराच्या आत एक पाऊल न टाकता दर महिन्याला एकशे पस्तीस.

हे सगळे पैसे गोळा करतो मस्यू रेमों. दुसऱ्या मजल्यावर राहतो, इमारतीच्या कमिटीचा अध्यक्ष. कमिटीत आणखी कोण आहे ते कुणालाच माहीत नाही. पांढऱ्या मिशा, सुगंधी रुमाल. बायकांशी बोलताना मान एका बाजूला कलती. पहिल्याच महिन्यात माझ्या दारात आला.

मी म्हटलं, "लिफ्टचे वीस कसले? लिफ्ट तर बंद आहे."

"बंद आहे म्हणूनच, मादाम. चालू असती तर दुरुस्तीचे पैसे कशाला घेतले असते?"

"कधीपासून बंद आहे?"

"दोन वर्षं होतील."

"दोन वर्षं दुरुस्ती चालू आहे?"

"मोठी दुरुस्ती आहे, मादाम."

मी म्हटलं, माझ्या करारात फक्त भाडं लिहिलंय. त्याने कमालीच्या दयेने माझ्याकडे पाहिलं. "करारात श्वास घ्या असंही लिहिलेलं नाही. पण घेता ना?" जाताना हळूच म्हणाला, "आणि एक विनंती. तुम्ही किती देता ते कुणाला सांगू नका. तुम्ही एकट्या आहात म्हणून मी कमी लावलंय."

मी दिले. नवीन होते, दिले. सिरानुशकडे जाऊन भांडले, "हे घर दाखवताना का नाही सांगितलंत?" ती भेंडी निवडत होती. म्हणाली, "तू विचारला नाही. तू म्हणाला, भाडं किती? मी सांगितली, दोनशे. खोटं बोलली का मी?"

खोटं नव्हती बोलली, बाबा. हा या शहराचा पहिला धडा. इथे खोटं कुणी बोलत नाही. जेवढं विचारावं तेवढंच सांगतात.

तरीही घस्सानला कळवा की त्याची ताई उपाशी नाही. दुपारी घट्ट दह्याचं लबने आणि ऑलिव्ह, संध्याकाळी मसूर-भात. ऑलिव्ह इथे विकत घ्यावे लागतात. ती चव जीभ मान्यच करत नाही.

हियाम

बुर्ज हम्मूद, २० नोव्हेंबर

बाबा,

घस्सानचा आबिजानहून फोन आला होता. तुम्हीच नंबर दिलात, म्हणजे माझा नंबर तुमच्याकडे आहे तर. म्हणाला, "ताई, पुरे झालं आता. दर महिन्याला दीडशे पाठवतो, घरी परत जा. भाडं म्हणजे पाण्यात टाकलेला पैसा. घरी फुकट राहत होतीस ना?"

फुकट! याच शब्दासाठी आजचं पत्र.

मी तुमची थोरली. घस्सान माझ्यामागून चार वर्षांनी आला, तरी सगळं गाव तुम्हांला अबू-घस्सान म्हणतं, घस्सानचा बाप. त्याबद्दल मी कधी कुरकुर केली नाही, रीतच तशी आहे. पण त्या घरात मी फुकट राहिले, हे म्हणू देणार नाही. तराबलुसच्या प्रयोगशाळेत मला चांगलं काम होतं. आई आजारी पडली तेव्हा ते सोडलं, सहा महिन्यांसाठी. ते सहा महिने आईच्या मरणापर्यंत चालले आणि त्यानंतरही संपले नाहीत. ऑक्टोबरात ऑलिव्ह उतरवायचे, घाण्यावर गडी सांभाळायचे, तेलाचे डबे भरायचे, पाहुण्यांची ताटं वाढायची. नबीलने मागणी घातली तेव्हा तुम्ही म्हणालात, "हंगाम होऊ दे." हंगाम झाला आणि नबीलचंही झालं, दुसऱ्या मुलीशी. मी रडले नाही. मला तो इतकाही आवडत नव्हता. पण विचारायला हवं होतं ना कुणी?

आणि मग तो नोटरी. तुम्ही मला बरोबर नेलंत ते कागद वाचायला, कारण तुमचा चष्मा फुटला होता. घर, घाणा, टेकडीवरची झाडं, सगळं घस्सानच्या नावावर. आणि शेवटी एक ओळ: "कन्या हियाम हिला अविवाहित असेपर्यंत घराच्या मागील खोलीत राहण्याचा हक्क राहील." मागची खोली. जिथे आपण तेलाचे रांजण ठेवतो. मी ती ओळ तुम्हांला मोठ्याने वाचून दाखवली. तुम्ही मान हलवून म्हणालात, "बरोबर आहे. तुझी सोय केली."

बाबा, तुमच्या घरात मी भाडेकरूच होते. फक्त करार तुम्ही खूप उशिरा दाखवलात. आणि वरचा खर्च तर कधीच नाही.

इथे रेमों दर महिन्याला दार ठोठावून मला लुटतो. पण निदान ठोठावतो.

घस्सानला मी "नको" म्हटलं.

हियाम

बुर्ज हम्मूद, १८ डिसेंबर

बाबा,

अक्षर खराब आहे, थंडीमुळे. कामाची गडबड आहे, सणाच्या आधी सगळ्यांना दात हवे असतात. मी ठीक आहे. आत्याने पाठवलेला झातर मसाला मिळाला. तुमची कवळी खालच्या बाजूला टोचते असं अबू-नसीब सांगत होता. कानशीने घासू नका! मी ती तुमच्या जबड्याच्या मापाने केली आहे, जबडाच बारीक झाला असेल. जेवत नाही का?

सणाला येत नाही.

हियाम

बुर्ज हम्मूद, १५ जानेवारी

बाबा,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. थंडी नव्हती, डावा हात होता. उजव्या मनगटाचं हाड मोडलं होतं. आता प्लास्टर काढलंय, म्हणून सांगते. आधी सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "बघा, चावलं."

झालं असं. टँकर दोन आठवडे आला नाही. म्हणून मी खालून पाण्याचे कॅन वर वाहत होते, दोन्ही हातांत एकेक. तिसऱ्या मजल्यावर जिन्यातला दिवा गेला, ज्या दिव्यासाठी आम्ही पंधरा-पंधरा डॉलर देतो. मी पडले. कॅन घरंगळत रेमोंच्या दारापर्यंत गेला आणि त्याने दार उघडून पहिलं वाक्य काय बोलावं? "मादाम, जिना ओला झाला."

माझ्या समोरच्या घरात उम्म-रबीअ राहते, दक्षिणेकडची, पाच पोरांची आई. आवाज असा की पाचही पोरं एका हाकेत गल्लीतून वर येतात. ती मला दवाखान्यात घेऊन गेली. प्लास्टर ओलं असताना, वेळ जावा म्हणून मी तिला विचारलं, "तू लिफ्टचे किती देतेस?"

ती दचकली. "सांगायचं नसतं. त्याने मला कमी लावलेत."

"मलाही कमीच लावलेत. किती?"

"पस्तीस."

"मी वीस. तुला पस्तीस का?"

"पोरं जास्त, म्हणून लिफ्ट जास्त वापरणार म्हणाला."

"बंद लिफ्ट?"

बाबा, आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसलो आणि मग इतक्या हसलो की डॉक्टर म्हणाला, हात हलवू नका. हसणं ओसरल्यावर मात्र ती माझ्याजवळ सरकली. म्हणाली, "हियाम, थोरलीच्या शाळेचे पैसे मी दोन महिने भरले नाहीत. लिफ्टचे भरले."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही एकेक दार ठोठावलं. मी गळ्यात हात बांधून, ती कडेवर धाकटं घेऊन. सगळ्यांना "कमीच" लावले होते. कुणाला पंचवीस, कुणाला तीस. एक म्हातारे गृहस्थ तळमजल्यावर राहतात, ते दहा देत होते. तळमजल्यावर! "शेजारधर्म म्हणून," ते म्हणाले.

मी रेमोंला सांगितलं, या महिन्यापासून लिफ्टचे पैसे नाहीत. त्याने मान कलती केली, "जशी मर्जी, मादाम." त्याच संध्याकाळी माझी जनरेटरची तार कापली गेली. जनरेटरवाला त्याचा भाचा आहे, हे मला तेव्हा कळलं. तीन आठवडे मी मेणबत्तीवर काढले. एका हाताने काडी पेटवायला शिकले. प्रयोगशाळेने अर्धा पगार दिला, कारण एका हाताने मी फक्त साचे ओतू शकत होते. आईच्या बांगड्या मी ऑक्टोबरातच विकल्या होत्या, तेव्हा विकायलाही काही उरलं नव्हतं. हो, बांगड्या. आईने मला दिल्या होत्या, त्यांचं मी दार घेतलं. तिने काही म्हटलं नसतं.

एकदा, फक्त एकदा, अबू-नसीबच्या व्हॅनपाशी जाऊन उभी राहिले होते. तो म्हणाला, "पुढची जागा रिकामी आहे, बस." मी म्हटलं, "नाही, पत्र द्यायचं होतं." पत्र नव्हतंच. त्याने नुसतं दार लावून घेतलं. तुम्हांलाही सांगितलं नसावं त्याने.

मग रविवारी चर्चहून लोक परतले तेव्हा उम्म-रबीअने जिन्यात उभं राहून तिची ती हाक मारली. या वेळी पोरांना नाही, सगळ्या इमारतीला. प्रत्येक मजल्यावरून माणसं जिन्यात आली. कुणी पायरीवर बसलं, कुणी कठड्याला टेकलं. रेमों रुमाल घेऊन बाहेर आला.

"काय गोंधळ आहे हा? भाडेकरूंची बैठक नसते. बैठक मालकांची असते."

उम्म-रबीअ म्हणाली, "पैसे भाडेकरूंचे असतात ना? मग बैठकही भाडेकरूंची."

मी विचारलं, "मस्यू रेमों, लिफ्टचे आजवर जमलेले पैसे कुठे आहेत?"

त्याने रुमालाने मिशा पुसल्या. मग दुःखाने मान हलवली. "कुठे असणार? सगळ्या देशाचे आहेत तिथेच. बँकेत अडकलेत. माझीसुद्धा आयुष्याची कमाई तिथेच आहे."

जिन्यात सगळ्यांनी उसासे टाकले. बँक म्हटलं की इथे प्रत्येकाला आपलं दुःख आठवतं. तळमजल्यावरच्या म्हाताऱ्यांचे तर डोळे भरून आले. क्षणभर मलाही वाटलं, आपण उगाच या माणसाला जिन्यात उभं केलं.

मग मी म्हटलं, "बँकांनी पैसे अडकवले त्याला तीन वर्षं झाली. लिफ्ट बंद पडली दोन वर्षांपूर्वी. नोव्हेंबरात तुम्ही माझ्या हातातून डॉलरच्या नोटा घेतल्यात. बंद बँकेत कुठल्या फटीतून टाकल्यात?"

रेमोंचा हात दाराच्या कडीकडे गेला. मग पहिल्या मजल्यावरून सिरानुशचा आवाज आला. "रेमों! माझ्याकडून पण घेतली तू! रिकाम्या फ्लॅटची! चोर आहे ती, चोर!" पुरुषाला बाई केलं तरी शब्द बरोबर लागला.

पैसे परत मिळाले नाहीत. भाच्याच्या जनरेटरच्या डिझेलमध्ये गेले, हे नंतर निघालं. पोलिसात जायचं म्हटलं तर अर्धे लोक मागे सरले. पण रेमोंच्या हातून वसुली गेली. आता दर महिन्याला उम्म-रबीअ जमा करते आणि कुणी किती दिले ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगते. लिफ्टचा खर्च मालकांचा, असं ठरलं. लिफ्ट अजून बंदच आहे, पण आता फुकट बंद आहे. माझी तार जोडून दिली. आणि सिरानुशने मला खाली बोलावून दोन महिन्यांपैकी एक महिन्याचं डिपॉझिट परत केलं. म्हणाली, "घे. तुझी बाप रागावू दे किंवा मरू दे, तू स्वतःच जामीन आहे."

तीन महिने कधीच होऊन गेले, बाबा.

हियाम

बुर्ज हम्मूद, १२ मार्च

बाबा,

तुमचं पत्र मिळालं. पहिलंच. चार ओळी. घस्सानचा आबिजानमधला धंदा बुडाला, तो घर विकतोय, दुबईचं कुणी गिऱ्हाईक घाण्याचं हॉटेल करणार आहे, आणि नोटरी म्हणतो की माझा मागच्या खोलीचा हक्क आहे तोवर विक्री होणार नाही. म्हणून "घरी ये". खाली सही, "बाप". चूक काढत नाही, पण "ये" च्या आधी "कशी आहेस" बसलं असतं. जागा होती कागदावर.

तुमच्या आधी घस्सानचा फोन येऊन गेला. हक्क सोडल्याची सही केली तर चार हजार डॉलर देतो म्हणाला. चार हजार, बाबा! मी अख्खी रात्र हिशेब करण्यात घालवायला हवी होती. नाही घालवली. मी विचारलं, "आणि बाबा कुठे राहतील?" तो म्हणाला, "सैदेजवळ वृद्धांसाठी चांगली जागा आहे. मी बोललोय." मी विचारलं, "त्यांच्याशी बोललास?" तो पुन्हा चार हजारांवर आला.

आमच्या प्रयोगशाळेत एक वकीलबाई आपल्या आईचे दात घ्यायला येते. तिला नोटरीच्या कागदाची नक्कल दाखवली. तिने सांगितलं, मी त्या खोलीत झोपो किंवा न झोपो, मी लिहून सोडल्याशिवाय हक्क सुटत नाही.

तेव्हा नीट वाचा. सही करणार नाही. परतही येणार नाही. ही दोन्ही वाक्यं एकत्र वाचायची, त्यातलं एक निवडून घ्यायचं नाही.

घस्सानला मी हेच सांगितलं. तो ओरडला, रडला, म्हणाला, "तुला त्या घराने काय दिलं म्हणून अडून बसतेस?" मी म्हटलं, "एक ओळ दिली. तेवढीच पुरेल." मला त्याची दयाही आली. परक्या देशात धंदा बुडणं सोपं नाही. त्याला म्हटलं, कर्जासाठी टेकडीवरची वरची झाडं वीक, माझी हरकत नाही. घर आणि घाणा नाही.

तुम्ही त्या घरात राहाल. कुणी उठवणार नाही. याचे आभार मानू नका, तुम्हांला ते जमणार नाही आणि मला ऐकवणार नाही. पण एक सांगते. माझी तुमच्या घरी सोय केली तेव्हा तुम्ही मला विचारलं नव्हतं. म्हणून मी विचारते. इथे माझी पुढची खोली रिकामी आहे. चार दिवस येता का? वरचा खर्च आत्ताच सांगून टाकते, नंतर तक्रार नको. चार मजले चढावे लागतील. पाणी जपून. इस्त्री लावायची असेल तर फ्रिज बंद. आणि कुणी विचारलं, इथे कशाला आलात, तर "औषधाला आलो" म्हणायचं नाही. "मुलीकडे आलो" म्हणायचं.

परवडत असेल तर या.

हियाम

बुर्ज हम्मूद, ७ मे

बाबा,

काल तुम्हांला व्हॅनमध्ये बसवून आले. गावात जाऊन ही हकीकत तुम्ही आपल्या पद्धतीने सांगाल, म्हणून माझ्या बाजूने लिहून ठेवते. आत्यालाही वाचायला द्या.

तुम्ही चार मजले एका दमात चढलात, हे खोटं आहे. दुसऱ्या मजल्यावर रेमोंच्या दाराशी तुम्ही दम घ्यायला थांबलात, त्याने दार उघडलं आणि "कोण हवंय?" विचारलं. तुम्ही तेलाचा डबा खाली ठेवलात. म्हणालात, "लिफ्ट." तो आत गेला. एवढ्यासाठी मी तुम्हांला बरंच काही माफ करायला तयार आहे.

उम्म-रबीअने मसूर-भाताचा मुजद्दरा आणला, तुम्ही "गावच्यासारखा नाही" म्हणालात आणि तीनदा वाढून घेतलात. ती म्हणाली, "अबू-हियाम, अजून?" तुम्ही मान वर केलीत. मी श्वास धरून बसले होते. आता हा माणूस म्हणणार, अबू-घस्सान, अबू-घस्सान म्हणतात मला. तुम्ही ताट पुढे केलंत. बस. उम्म-रबीअला यातलं काहीच कळलं नाही, तिने आपलं वाढलं. मी बाल्कनीत जाऊन उगाच सुकलेले कपडे पुन्हा वाळत घातले.

तुमची कवळी मी प्रयोगशाळेत नेऊन बसवून आणली. दोन तास तुम्ही तोंड मिटून माझ्या घरात बसला होतात. इतके शांत तुम्ही मला आयुष्यात भेटला नव्हतात.

आणि मग सिरानुश वर आली. तिचा भाचा अलेप्पोहून येतोय, ऑक्टोबरनंतर तिला हे घर त्याच्यासाठी हवं. "मी वाईट नाही, हियाम. पण ती माझी रक्ताची आहे." मला वाटलं, तुम्ही आता म्हणणार. तीन महिने नाही तर बारा, पण चावलं ना शहराने? मी तयारही होते. उत्तर जिभेवर होतं.

तुम्ही तिला विचारलंत, "डिपॉझिटचा दुसरा महिना जाण्याआधी देणार की नंतर?"

ती म्हणाली, "आधी."

तुम्ही म्हणालात, "लिहून द्या."

तिने लिहून दिलं, बाबा! त्या बाईने! माझ्याकडे बघत म्हणाली, "आता कळली, हा कुणाची मुलगा आहे."

घर जाणार याचं वाईट वाटतंय, लपवत नाही. बाल्कनीतली खुर्ची, उम्म-रबीअची हाक, खालचा मेथीचा वास, हे सगळं सोडायचं. पुढचं घर यापेक्षा बरं असेल की वाईट, ठाऊक नाही. भाडं वाढलंय सगळीकडे. पण मी मागच्या ऑक्टोबरातली हियाम नाही, जी दारात उभी राहून "किती?" एवढंच विचारते आणि गप्प बसते. आता पहिल्या पायरीवरच विचारीन. पाणी कुठलं, तार कुणाची, जिना कोण झाडतं, लिफ्ट कुणाच्या खिशात चालते. आणि सगळं कागदावर, माझ्यासमोर, माझ्या नावाने.

व्हॅन सुरू झाली होती. अबू-नसीब भोंगा वाजवत होता. तुम्ही खिडकीची काच खाली केलीत आणि भलतीकडे बघत म्हणालात, "दुसरं घर बघायला जाशील तेव्हा कळव. मी येईन बरोबर."

भोंग्यात माझं उत्तर तुम्हांला ऐकू आलं नसावं, म्हणून लिहिते.

या. पण बोलणार मी.

हियाम